मार्बलकाका

मार्बलकाकांच्या घरी पाहुणा आला की चहाचं विचारण्याआधी काका विचारतात, "बाथरूमला जायचंय का?" नवख्या माणसाला हे अगत्य वाटतं. तो संकोचून "नको, नको" म्हणतो आणि काकांचा चेहरा उजळतो. कुणी "हो" म्हणालंच, तर काका आधी स्वतः आत जातात. हँडवॉशच्या बाटलीखालचा ट्रे नीट सरकवतात, वायपर हाताशी येईल असा दाराला टेकवून ठेवतात (भिंतीला टेकवायचा नाही, भिंत दगडाची आहे) आणि बाहेर येऊन पाहुण्याला वाट देतात. मग दाराबाहेर उभे राहतात. आत नळ जरा जास्त वेळ वाहिला की खोकतात.

असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतला हा बँकेतून निवृत्त झालेला. नोकरीची शेवटची वर्षं बुडीत कर्जांच्या वसुलीत गेली, त्यामुळे वरून चकचकीत दिसणारी प्रत्येक गोष्ट आतून खराब होत असणार यावर त्यांची श्रद्धा बसली. त्यात इमारतीचं रिडेव्हलपमेंट निघालं. बाकीच्यांनी बिल्डरने दिलेल्या टाइल्स मुकाट्याने घेतल्या. काकांनी मोठ्या बाथरूमपुरत्या त्या नाकारल्या आणि थेट राजस्थानात किशनगडला जाऊन मार्बलच्या बाजारात उन्हात फिरले. तिथे दगडावर पाणी मारून रंग आणि रेघा बघतात. काकांनी म्हणे इतक्या स्लॅबवर पाणी मारायला लावलं, की शेवटी दुकानदाराने बादली त्यांच्याच हातात दिली. अखेर पसंत पडला तो इटलीतल्या काराराचा पांढरा, करड्या रेघांचा दगड. त्या पैशांत माझे दोन्ही गुडघे बदलून झाले असते, असं काकू म्हणतात. गुडघ्यांना एवढी चमक येत नाही, असं काका म्हणतात.

तेव्हापासून काकांना शांतता नाही आणि बाथरूमला आवाज नाही.

तुम्हीआम्ही दगड म्हटला की तो टिकणारच असं धरून चालतो. काकांसमोर असं बोलण्याची सोय नाही. ते तुम्हाला बसवून घेतात. "संगमरवर म्हणजे काय? कॅल्साइट. कॅल्शियम कार्बोनेट. मोह्सच्या मापावर त्याचा कडकपणा 3. तुमच्या नखाचा अडीच. आणि यावर लोक तारेची घासणी चालवतात!" हे म्हणताना ते आपल्या नखांकडे बघतात आणि मग तुमच्या. ग्रॅनाइटचा कडकपणा 6 ते 7, त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार, त्याला लिंबू-व्हिनेगरने काही होत नाही, हेही ते सांगतात, पण जरा तुटकपणे. ज्याला काहीच होत नाही त्याच्याविषयी प्रेम वाटायचं कसं?

डाग आणि चट्टा यांतला फरक तर आमच्या इमारतीत लहान मुलांनाही पाठ आहे. तेल, चहा, हेअर डाय दगडाच्या छिद्रांत झिरपतात, तिथे दगड गडद दिसतो. तो डाग. तो लेप लावून ओढून काढता येतो. आम्ल पडलं तर दगडाचा पृष्ठभागच विरघळतो, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि मागे निस्तेज, फिकट ठिपका उरतो. तो चट्टा. तो पुसला जात नाही, कारण पुसण्याजोगं तिथे काही नसतंच. तो घासून, पॉलिश करूनच जातो. सीलर लावला की सगळ्यापासून सुटका, असं दुकानदार सांगतात. काका सांगतात की सीलर डागाला अडवतो, आम्लाला अडवत नाही. हे वाक्य ते इतक्या खालच्या आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं डॉक्टरांनी बाहेर बोलावून घेतलंय.

सीलर शाबूत आहे की नाही हे बघायची एक साधी परीक्षा आहे. दगडावर पाण्याचे थोडे थेंब टाकायचे, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुसायचं. खाली गडद ठिपका दिसला की समजायचं पाणी आत शिरतंय, सीलर संपला. परीक्षा अचूक आहे. अडचण एवढीच, की काका ती स्वतःच्या घरापुरती ठेवत नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलात, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये दगडाचा काउंटर दिसला की ते ग्लासातलं पाणी बोटाने त्यावर शिंपडतात आणि घड्याळ बघत उभे राहतात. वेटर पुसायला आला तर त्याला हाताने थांबवतात. एकदा शेजारच्या इमारतीत कुणी वारलं म्हणून आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. काका हात धुवायला आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी मुलाचा हात हातात घेतला. घरातली मंडळी पदर डोळ्यांना लावून बसलेली. काका म्हणाले, "वडिलांनी सीलर शेवटचा कधी लावला होता, काही कल्पना?"

दगडाच्या दुकानात ते खिशात लिंबू घेऊन जातात. दुकानदार "काळा ग्रॅनाइट आहे साहेब, डोळे झाकून घ्या" म्हणाला की काका कोपऱ्यात लिंबाचा थेंब सोडतात. थोड्या वेळाने पुसल्यावर चमक गेलेली दिसली, तर तो ग्रॅनाइट नसून पॉलिश केलेला कडप्पा. कडप्पा हा आंध्रातला चुनखडीचा दगड, आपल्या कित्येक स्वयंपाकघरांतले ओटे त्याचेच. कोटा आणि शहाबादी फरशी हीसुद्धा चुनखडीच, त्यामुळे आम्लापुढे ही सगळी मंडळी एका रांगेत. काकांच्या या लिंबापायी सोसायटीतल्या दोघांचे पैसे वाचले, हे मान्य करायला हवं. मात्र आता परिसरातल्या दुकानांत काका शिरले की मालक आधी माणसाला सांगतो, "सँपल आत ने."

काकांचं खरं वैर आहे ते पाण्याशी. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं, ते जड. ते भिंतीवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात. साध्या टाइल्सवर असले क्षार लोक व्हिनेगरने नाहीतर टॉयलेट क्लीनरने काढतात आणि ते निघतात. पण हे क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आणि संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट. जे डागाला विरघळवील ते दगडालाही विरघळवणारच. हा पेच काकांना ज्या रात्री कळला त्या रात्री ते झोपले नाहीत. काकू सांगतात, मध्यरात्री उठून बसले आणि म्हणाले, "अगं, दोघे एकच आहेत."

यावर उपाय एकच. पाणी वाळूच द्यायचं नाही. म्हणून काकांकडे आंघोळ केली की भिंतीवरून वरून खाली वायपर फिरवायचा, मग नळाभोवती सुती फडकं, मग कोपरे, मग जमीन उताराच्या दिशेने. हे सगळं उघड्याने, ओलेत्याने, स्वतःचं अंग पुसायच्या आधी, कारण तेवढ्या वेळात भिंत वाळते. काकांचे जावई मूळचे साताऱ्याचे, तालमीत वाढलेले. तेसुद्धा डिसेंबरात त्या बाथरूममधून बाहेर आले तेव्हा त्यांचे दात वाजत होते. या नियमांची पाटी मात्र दारावर नाही. पुण्यात राहून पाटी नाही म्हणून मला आश्चर्य वाटलं होतं. काका म्हणाले, "आतून लावायची तर दगडावर गोंद लागेल." त्यामुळे नियम दाराबाहेरून तोंडी सांगितले जातात.

शेवटी त्यांनी पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं. त्यात पाण्यातलं कॅल्शियम राळेच्या मण्यांवर अडकतं आणि बदल्यात सोडियम सुटतं. मणी भरले की ते मिठाच्या पाण्याने धुवून परत ताजे करायचे. म्हणजे दर थोड्या दिवसांनी मीठ. जिन्यातून मिठाची पोती वर जाताना बघून तळमजल्यावरच्या आजी काकूंना विचारत होत्या, "यंदा लोणचं विकायला काढलंय का?"

त्या बाथरूममध्ये काय न्यायचं नाही, याची यादी मोठी आहे. शेव्हिंग फोमचा पत्र्याचा डबा नाही, बुडाशी गंजून गोल ठसा उठतो. पावडरीने घासायचं नाही. वज्री नाही. पुदिन्याचं, लिंबाचं, संत्र्याचं काहीही नाही. साबण आम्लधर्मी नसतो, उलट अल्कलीधर्मी असतो, हे काका जाणतात, तरी लिंबाच्या वासाचा साबण त्यांनी बंद केलाय. वास आला की छातीत धडधडतं म्हणतात. साधा साबणही जड पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून चिकट थर धरतो, म्हणून द्रवरूप, न्यूट्रल पीएचचा. मोबाइलवर कुणी बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून बाथरूम चमकवण्याचा व्हिडिओ पाठवला, तर काका ग्रुप सोडतात. दोन्ही मिसळले की एकमेकांना मारतात, नुसतं फसफसतं आणि माणसाला वाटतं साफ होतंय. आणि सोड्याला पुरून उरलेलं व्हिनेगर दगड खायला मोकळं.

इतकं करून भाचीच्या हळदीला घोटाळा झालाच. मांडव गच्चीवर होता आणि काका जेवणाच्या बंदोबस्तात. पाच-सहा मुली हळदीने माखून खाली आल्या आणि जे दार उघडं दिसलं त्यात शिरल्या. पांढऱ्या भिंतीवर पिवळे पंजे. कुणीतरी समंजस बाईने काकांना कळायच्या आत साफ करावं म्हणून धुण्याचा सोडा कालवून लावला. हळद अल्कलीत लाल होते. काका खाली आले तेव्हा भिंतीवर लालभडक पंजे होते. मंडळींना वाटलं काका ओरडतील, पण ते नुसते स्टुलावर बसले. काकू म्हणाल्या, "चला, हळदीला कुंकूही झालं."

पुढचे कित्येक दिवस काकांनी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये खडूची पूड भिजवून त्याचे लेप लावले, वर प्लास्टिक चिकटवलं, दुसऱ्या दिवशी काढलं, पुन्हा लावलं. डाग फिके झाले, गेले नाहीत. मग त्यांना आठवलं की हळद उन्हाने उडते. बाथरूमला ऊन कुठून आणायचं? काकूंच्या ड्रेसिंग टेबलचा आरसा बाल्कनीत गेला, दुसरा आरसा पॅसेजमध्ये बसला आणि सकाळच्या वेळात उन्हाचा कवडसा दोन वळणं घेऊन हळदीच्या पंजावर पडू लागला. सूर्य सरकेल तसा काका आरसा सरकवत. डाग गेला. त्या काळात काकूंनी वेणी स्टीलच्या ताटात बघून घातली.

घरकामाच्या मावशी गेल्या, तो प्रसंग मात्र जरा सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात मायकेलअँजेलो येतो.

मावशी पंधरा घरांच्या फरशा पुसून हात घट्ट झालेल्या. त्यांचा ॲसिडवर विश्वास. दारावर बाटल्या विकायला येणाऱ्याकडून घ्यायचं, ओतायचं, खराट्याने घासायचं, पाणी मारायचं. काकांनी दिलेल्या वास नसलेल्या द्रवाकडे त्या संशयाने बघत. "काका, नाकात गेल्याबिगर साफ झालं म्हणून कसं वाटंल?" एका सकाळी काका पेन्शनच्या कामाला बँकेत गेले आणि मावशींनी संधी साधून, अगदी मनापासून, कोपऱ्यातल्या कमोडमागे थोडं ॲसिड ओतलं. काका घरात शिरले. वासावरून कळलं. पण ते रागावले नाहीत, हीच मोठी आपत्ती. त्यांनी मावशींना खुर्चीवर बसवलं आणि डेव्हिडची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

फ्लॉरेन्समधला मायकेलअँजेलोचा डेव्हिड हाही काराराच्याच दगडाचा. 1504 साली तो चौकात उभा राहिला. पुढे तीनशेहून अधिक वर्षं ऊनपाऊस खाल्ल्यावर 1843 मध्ये त्याला साफ करायचं ठरलं आणि तज्ज्ञ म्हणवणाऱ्या माणसाने तो हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतला. वरचा गुळगुळीतपणा गेला तो गेलाच. "अख्ख्या युरोपात कुणी अडवलं नाही हो त्याला," काका म्हणाले. त्यांचा आवाज सख्खा चुलतभाऊ गेल्यासारखा झाला होता. मग पुढची हकिगत. डेव्हिडच्या पाचशेव्या वर्षासाठी 2003 मध्ये पुन्हा सफाई निघाली. ज्या बाईंकडे काम होतं त्यांचं म्हणणं पडलं, कोरडंच साफ करायचं, मऊ ब्रश आणि कापसाने. वरिष्ठांनी ठरवलं, डिस्टिल्ड पाण्याचे ओले लेप द्यायचे. बाईंना ते पटलं नाही, त्यांनी राजीनामा दिला. "याला म्हणतात तत्त्व!" काका गहिवरले.

मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं. डेव्हिड कोण, त्याच्या घरी बाई किती पगारावर होती, असं एक-दोनदा विचारलं. मग पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, "मग मीबी उद्यापासून येत नाही. माझ्या पद्धतीनं करू देत नाही तर काय करायचं?" काकांच्या मते हा माज होता. काकूंनी विचारलं, "त्या बाईने सोडलं तर तत्त्व, आणि आमच्या मावशींनी सोडलं तर माज?" या प्रश्नाचं उत्तर काकांनी अजून दिलेलं नाही. मावशी आता आमच्याकडे येतात. आमच्या टाइल्स झकास आहेत.

कमोडमागचा तो चट्टा काढायला पॉलिशवाला आला. गोल फिरणाऱ्या यंत्राला एकाहून एक बारीक दाण्याच्या चकत्या लावत, पाणी मारत त्याने दोन दिवस घासलं. पांढरा रेंदा पॅसेजभर झाला. जाताना तो मला जिन्यात भेटला. त्याने हळूच विचारलं, "भाईसाब, उस बाथरूम में कोई नहाता भी है?"

प्रश्न रास्त होता. काका स्वतः तिथे आंघोळ करत नाहीत. ते दुसऱ्या बाथरूममध्ये जातात, जिथे बिल्डरने दिलेल्या टाइल्स आहेत. प्लास्टिकचं स्टूल, प्लास्टिकची बादली, मग, आणि लिंबाच्या वासाचा साबण. आतून त्यांच्या गाण्याचा आवाज येतो. दुसरीकडे कुठेही काका गाताना कुणी ऐकलेले नाहीत.

दिवाळीत मात्र हे सोवळं कळसाला पोचतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल आणि उटणं, म्हणजे दगडाच्या लेखी दोन शत्रू एकाच मुहूर्तावर. तेल छिद्रांत उतरतं, उटण्यात आंबेहळद. त्यामुळे त्या पहाटे मोठ्या बाथरूमला कुलूप असतं आणि सगळं घर, जावई धरून, दुसऱ्या बाथरूमपुढे रांगेत. कारीट पायाच्या अंगठ्याने फोडायचं ते पॅसेजमध्येही नाही, जिन्यात, कारण त्याचा रस दगडाला काय करतो यावर काकांना कुठे काही सापडलेलं नाही आणि ते धोका पत्करत नाहीत. मागच्या दिवाळीत काकूंनी चेहऱ्याला लावायला आणलेली मुलतानी माती डब्यात सापडेना. काकांनी नेली होती. पिवळट पडलेल्या ताजमहालाला पुरातत्त्व खातं मुलतानी मातीचाच लेप देतं, तो वाळला की मळ धरून निघतो आणि मग धुतात, हे त्यांनी वाचलं होतं. ताजमहाल मकराण्याच्या दगडाचा आहे आणि आपला काराराचा, एवढाच काय तो फरक, असं ते म्हणाले. काकूंनी शांतपणे विचारलं, "आणि तिथे कोण पुरलेलं आहे?"

काकूंच्या माहेरी, सदाशिव पेठेतल्या वाड्यात, मोरीत एक काळा दगड होता. आपल्या सह्याद्रीचा, बेसाल्टचा. त्यावर बसून माणसं न्हाली, शिकेकाई सांडली, तांब्याचा बंब चिंचेने घासला गेला, बाळांना तेल लावून पायांवर घेतलं गेलं. दगड काळा होता तो काळाच राहिला. काकू हे सांगतात तेव्हा काका वाद घालत नाहीत. बेसाल्टमध्ये कॅल्साइट नाममात्र, असं म्हणतात आणि पेपर वर धरतात.

मला विचाराल तर काकांचं एकही विधान चुकीचं नाही. मी बरीचशी पडताळून पाहिली आहेत. जगात बरोबर असलेली माणसं पुष्कळ असतात, पण बरोबर असून दाराबाहेर उभं राहणारा माणूस सोसणं कठीण. चूक झाली असेल तर ती किशनगडला, बादली हातात घेतली तेव्हा. रोज ओली होणारी, साबण-तेल-हळद झेलणारी जागा आणि नखाहून जेमतेम कडक दगड, हे लग्न जुळवलं की मग जन्मभर मध्यस्थी करत बसावं लागतं.

तेव्हा तुमच्याकडे बाथरूमचं काम निघालं असेल तर खालच्या ओल्या जमिनीला खडबडीत ग्रॅनाइट घ्या. संगमरवराची हौस असेलच तर पाणी उडणार नाही अशा भिंतीवर भागवा. बसवून झाला असेल तर ॲसिडची बाटली घरात येऊ देऊ नका, वायपर हाताशी ठेवा, थेंबाची परीक्षा अधूनमधून घ्या आणि थोड्या चट्ट्यांची सवय करून घ्या. याउपर काही अडलं तर काकांचा नंबर माझ्याकडे मागू नका. ते फोनवर सांगत नाहीत. घरी येतात.